कायद्याच्या नकाशात बीडचा माळ

बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे 10,693 चौरस किलोमीटर आहे. वन्यजीव कायद्याखाली जाहीर झालेले अभयारण्य त्यात एकच, पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य. 1994 मध्ये घोषित झालेले हे क्षेत्र जेमतेम 30 चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे जिल्ह्याच्या पाव टक्क्याहून थोडे अधिक. वनाच्छादनाचे प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली आहे. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने देशापुढे 33 टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते. हे आकडे शेजारी मांडले की बीडमध्ये राखण्यासारखा निसर्गच उरलेला नाही असे वाटू लागते, आणि तसे बोललेही जाते.

ते खरे नाही. शिरूर कासार, आष्टी, पाटोद्याच्या माळांवर आजही काळवीट दिसते. लांडगा, तरस, कोल्हा, खोकड यांची ही जुनी भूमी आहे. बालाघाटाच्या उतारांवर सीताफळाची रानोमाळ पसरलेली झाडी आहे. माजलगाव आणि मांजरा धरणांच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात, आणि उत्तर सीमेवर गोदावरीचे पात्र आहे. मात्र यातला मोठा हिस्सा कागदावर ‘वन’ या सदरात बसत नाही. तो गायरान, पडीक, गाळपेर, नदीपात्र किंवा कुणाच्या तरी सातबाऱ्यावरची जमीन आहे. निसर्ग आणि जैवविविधता राखण्यासाठी देशाने गेल्या पन्नास वर्षांत जे कायदे केले, ते अशा जिल्ह्यात कुठवर पोचतात आणि कुठे थांबतात, याची ही पाहणी आहे.

कायदे कसे आले

17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या वनखात्याचा स्वतःचा कायदा होता. 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि पुढे 1927 चा भारतीय वन अधिनियम इथेही चालू लागला. संस्थानी काय किंवा ब्रिटिश काय, दोन्ही व्यवस्थांचा जीव लाकडात आणि महसुलात होता. राखीव जमीन कोणती, कुऱ्हाड कोणी चालवायची, जनावरे कुठे चारायची, एवढे ठरले की त्यांचे काम झाले. जिथे इमारती लाकूड नव्हते ती जमीन वनखात्याच्या हिशोबात फारशी आली नाही. ती महसूल खात्याकडे राहिली. बीडच्या आजच्या परिस्थितीचे मूळ मला या वाटणीत दिसते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने लक्ष लाकडावरून प्राण्याकडे वळवले. शिकार हा गुन्हा झाला, प्राण्यांच्या अनुसूच्या झाल्या, अभयारण्ये जाहीर करण्याची रीत ठरली. 1980 च्या वन संवर्धन अधिनियमाने वनजमीन दुसऱ्या कामाला देण्यापूर्वी केंद्राची परवानगी सक्तीची केली. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे त्याला हा कायदा लागू होतो. 2002 मध्ये जैवविविधता अधिनियम आला आणि 2006 मध्ये वनहक्क कायदा. अलीकडच्या दुरुस्त्यांनी पुन्हा बरेच हलवले. वन्यजीव कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्या सहावरून चारवर आल्या आणि दंड वाढले. 2023 मध्ये वन संवर्धन कायद्याची व्याप्ती आवळली गेली. त्यावर आव्हान दिले गेल्यानंतर 19 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अंतिम निकालापर्यंत 1996 चीच व्याख्या धरून चालावे, असा अंतरिम आदेश दिला.

थोडक्यात, कायद्यांची वाण नाही. वाद आहे तो या कायद्यांचे फळ कसे मोजावे याचा, आणि त्याहून जास्त ते कोणत्या जमिनीवर मोजावे याचा.

अभयारण्याच्या आत

नायगावला मोरांसाठी संरक्षण मिळाले. मोर राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. अभयारण्य झाल्यामुळे चराई, वृक्षतोड, खाणकाम यांवर जे निर्बंध येतात ते इथे आले. बालाघाटाच्या या भागात डोंगरमाथे शेतीत गेले, रस्ते रुंद झाले, तरी हा एवढा तुकडा सलग राहिला, याचे श्रेय कायद्याला द्यावेच लागेल. ज्यांना कडक संरक्षण हवे आहे ते नेमके हेच दाखवून देतात. कायद्यात खोट नाही, माणसे कमी आहेत, असे त्यांचे म्हणणे. वनरक्षकाला सांभाळावे लागणारे क्षेत्र, उन्हाळ्यातले वणवे, पाणवठ्यावर टपून बसणारा शिकारी आणि हाताशी असलेली साधने यांचा मेळ बसत नाही. तो बसवा, निकाल दिसेल.

यावर जगभरातल्या अभ्यासकांचा एक आक्षेप आहे आणि तो नायगावलाही लागू पडतो. संरक्षित क्षेत्रे बहुतेक ठिकाणी उंच, दूर, शेतीला फारशा उपयोगी नसलेल्या जमिनीवर आखली जातात. तिथे निसर्ग टिकला तर तो कायद्यामुळे टिकला की त्या जमिनीवर कोणाचा डोळा नव्हता म्हणून, हे वेगळे काढावे लागते. नायगावचे डोंगर पाहता या शंकेत तथ्य आहे असे मला वाटते. कायद्याची खरी कसोटी जमिनीला मागणी असते तिथे लागते.

शेजारच्या सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत ती लागली. माळढोकासाठी 1979 मध्ये जाहीर झालेले अभयारण्य सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचे होते. तालुकेच्या तालुके त्यात गेले, गावे गेली, खासगी शेते गेली. जमीन विकायची, विहीर खणायची, रस्ता करायचा तर आडकाठी. तीस वर्षांच्या असंतोषानंतर ते सुमारे 1,200 चौरस किलोमीटरवर आणले गेले. या सगळ्या काळात माळढोक मात्र कमी कमी होत जवळजवळ नाहीसा झाला. कडक कायद्याचे समर्थक सांगतात की अंमल झाला नाही. लोकहक्कवाले सांगतात की अंमल माणसांवर झाला, पक्ष्याच्या अधिवासावर झालाच नाही. दोघांचेही म्हणणे नोंदींशी जुळते. येवला तालुक्यातले ममदापूर हा याच प्रश्नावरचा दुसरा प्रयोग. काळविटांसाठी तिथे अभयारण्याऐवजी संवर्धन राखीव क्षेत्र केले. त्यात निर्बंध सौम्य असतात आणि व्यवस्थापनात गावाला जागा असते. बीडच्या माळांना ही वाट जास्त मानवेल असे म्हणणारे वनाधिकारीही आहेत.

माळ ज्याला पडीक म्हणतात

गेल्या दहा-पंधरा वर्षांत गवताळ प्रदेशांचा अभ्यास करणाऱ्यांनी वादाला वेगळे वळण दिले. त्यांचे म्हणणे मुळाशी जाते. पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातला माळ हे उजाड झालेले जंगल नव्हे, ती स्वतंत्र परिसंस्था आहे. कुसळ, पवन्या, मारवेल यांसारखी गवते, मधूनच बोर, हिवर, खैर, तरवड, आणि या उघड्यावर जगायला घडलेले प्राणी. काळविटाला धावायला मोकळे रान लागते. चंडोल आणि धाविक जमिनीवर घरटे करतात. लांडगी गुहेपेक्षा माळातल्या घळीत पिल्ले वाढवते. सरकारी नकाशांत मात्र अशी जमीन ‘पडीक’ या वर्गात पडते, आणि पडीक म्हटले की ती कशासाठी तरी उपयोगात आणायची घाई सुरू होते.

ही घाई निसर्गप्रेमातूनही येते. 2016 ते 2019 या काळात राज्याने वृक्षलागवडीची मोठी मोहीम चालवली. शेवटच्या वर्षाचे लक्ष्य 33 कोटी होते. बीड शहराजवळ पालवन इथे सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने सह्याद्री देवराई उभी राहिली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये तिथे वृक्षसंमेलनही भरले. दुष्काळाने पिचलेल्या जिल्ह्यात झाडाविषयी एवढी माणसे एकत्र आली, या घटनेचे मोल मला कमी करायचे नाही. देशी झाडांवरचा तिथला भरही योग्य आहे. तरी गवताळ प्रदेशाचे अभ्यासक विचारतात तो प्रश्न राहतोच: खड्डे घेण्यापूर्वी त्या माळावर काय होते, हे कोणी नोंदवले? गिरिपुष्पासारखी झपाट्याने वाढणारी परदेशी झाडे लावून माळ झाकला की आकड्यांत हिरवाई वाढते आणि काळवीट निघून जाते. यातली एकही गोष्ट बेकायदा नाही. कायद्याला वन म्हणजे झाडे एवढेच कळते. गोदावर्मन निकालातली शब्दकोशाची व्याख्यासुद्धा गवताच्या बाजूने फार काही करू शकत नाही.

पवनऊर्जा आणि सौरऊर्जेचेही तसेच. बालाघाटाच्या पठारांवर वारा चांगला आहे आणि पवनचक्क्यांची संख्या वाढते आहे. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा आणि सौर विद्युत प्रकल्प नाहीत. त्यामुळे जनसुनावणी नाही, पक्ष्यांचे पूर्वसर्वेक्षण सक्तीचे नाही. स्वच्छ ऊर्जेची बाजू हलकी नाही. कोळसा कमी झाला तर त्याचा लाभ याच कोरडवाहू शेतकऱ्याला आधी होणार आहे. सर्वोच्च न्यायालयानेही या दोन गरजांत ओढाताण अनुभवली. राजस्थान-गुजरातेतल्या माळढोकासाठी एप्रिल 2021 मध्ये त्याने वीजवाहिन्या भूमिगत करण्याचा व्यापक आदेश दिला आणि मार्च 2024 मध्ये तो बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला. बीडच्या पठारांसाठी असा कोणी वाद घातलेला नाही, कारण तिथे माळढोकाएवढे मोठे नाव असलेला पक्षी नाही.

गायरान कोणाचे

बीडमधल्या निसर्गसंरक्षणाचा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो गायरानावर, आणि इथे थोडे थांबले पाहिजे. गायरान म्हणजे गावाच्या जनावरांसाठी राखलेली सरकारी जमीन. माळाचा मोठा भाग हाच. पण मराठवाड्यात गायरानाला दुसराही इतिहास आहे. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून, ज्यांना पिढ्यानपिढ्या जमीन नाकारली गेली त्या दलितांनी पडीक सरकारी जमीन कसायला घ्यावी, ही मागणी इथे रुजली. 1990 नंतर एकनाथ आवाड आणि मानवी हक्क अभियानाने बीड जिल्ह्यातून हा लढा पुढे नेला. पारधी कुटुंबेही त्यात आली. ब्रिटिशांच्या 1871 च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या आणि 1972 नंतर शिकारीचा पारंपरिक धंदाही बेकायदा झालेल्या या समाजाला दुसरा आधार नव्हता. 28 नोव्हेंबर 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतच्या अतिक्रमणांना नियमित करण्याची वाट दिली. अनेक कुटुंबांचा सातबारा अजून झालेला नाही.

28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे काढण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमाती यांना पट्टे दिले असतील असा अपवादही त्याच निकालात आहे, हे पुष्कळदा सांगायचे राहून जाते. राज्याने त्याच वर्षी जुलैत गायरान वाटपावर बंधने आणली. 2022 च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा राज्यभरात गायरानांवरची दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे हटवण्याचा प्रश्न उभा राहिला आणि मराठवाड्यातल्या वस्त्यांवर भीती पसरली. दुसरीकडे, 2023 पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये शेतकऱ्याला दिवसा वीज देण्यासाठी सरकारी जमिनी, त्यात गायरानेही, सौर प्रकल्पांना दिल्या जात आहेत.

एकाच तुकड्यावर भूमिहीनाची भाकरी, मेंढपाळाची चराई, काळविटाचा अधिवास आणि शेतकऱ्याची वीज असे चार दावे आहेत. पहिल्याला शासन निर्णयाचा आधार आहे, दुसऱ्याला महसूल संहितेचा, चौथ्याला योजनेचा. काळविटाच्या अंगाला हात लावला तर किमान तीन वर्षांची कैद आहे, पण ते उभे आहे त्या जमिनीवर त्याचा कायदेशीर दावा काहीच नाही. वन्यजीव कायदा प्राण्याला सगळीकडे जपतो, त्याच्या घराला मात्र संरक्षित क्षेत्राच्या हद्दीतच. या पोकळीचे खापर गायरान कसणाऱ्यावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. हिशोब व्हायचा असेल तर चारही दाव्यांचा एकत्र व्हावा.

शेताच्या बांधावरून

शेतकऱ्याची बाजू या चर्चेत नेहमी शेवटी येते, खरे तर कायद्याचा भार त्याच्याच शिवारात पडतो. हरणांचे कळप, रोही, रानडुकरे आणि वानरे तूर-हरभऱ्यात, ज्वारीत, भुईमुगात शिरतात. भरपाईची योजना आहे, पण पंचनामा वेळेत होणे आणि नुकसानीच्या प्रमाणात रक्कम मिळणे या दोन्हींबद्दल तक्रारी आहेत. रोही आणि रानडुकरांना अटींवर मारण्याची परवानगी मिळू शकते. ती घेऊन प्रत्यक्ष बंदूक चालवणारे थोडे.

नोव्हेंबर 2020 मध्ये आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. डिसेंबरात त्या बिबट्याला करमाळा तालुक्यात गोळी घालण्यात आली. पहिल्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवावर उठला तर मुख्य वन्यजीव रक्षक तशी परवानगी देऊ शकतात, कायद्याच्या कलम 11 मध्ये ती तरतूद आहे. कायदा इथे अपुरा नव्हता. पण परवानगी, पथके, दोन-तीन जिल्ह्यांचा समन्वय यांत गेलेले दिवस गावांनी दारे लावून काढले. मृत्यूची भरपाई पुढे 25 लाखांपर्यंत वाढवली गेली, ती वाढ आवश्यकच होती.

मार्च 2025 मध्ये शिरूर कासार तालुक्यात हरणांच्या शिकारीचे प्रकरण राज्यभर गाजले. ग्रामस्थांचे आरोप शेकडो हरणांचे होते. वनविभागाने झडतीत प्राण्यांचे अवशेष आणि जाळी मिळाल्याचे सांगितले, अटक झाली, वनजमिनीवरचे म्हणून एक घरही पाडले गेले. त्या पाडकामाच्या रीतीवरही वाद झाला. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. आढाव्यासाठी महत्त्वाचे ते वेगळे आहे: आरोपातला आकडा आणि पुराव्यातला आकडा यांत एवढे अंतर पडू शकते, कारण मधले अंतर मोजणारी गावपातळीवरची गणनाच नाही. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लऊळ इथे वानरांनी अडीचशे कुत्री मारल्याची बातमी देशभर फिरली तेव्हाही हेच झाले. वनविभागाने दोन वानरे पकडली. आकडा तसाच हवेत राहिला.

नोंदवही आणि ऊसतोड

मोजणीची सोय खरे तर 2002 च्या कायद्यात आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती, आणि तिने गावाच्या मदतीने केलेली लोकजैवविविधता नोंदवही. ही कल्पना माधव गाडगीळ यांनी मांडली आणि जोपासली. वनस्पती, प्राणी, बियाणी, चराईच्या जागा, त्यांविषयीचे ज्ञान, सगळे गावाने स्वतः लिहायचे. राज्यात अशा समित्या 28 हजारांहून अधिक आहेत, म्हणजे कागदावर जवळजवळ प्रत्येक ग्रामपंचायतीत.

त्या एवढ्या झटपट झाल्या त्याला कारण आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट 2019 मध्ये बजावले की 31 जानेवारी 2020 पर्यंत समित्या आणि नोंदवह्या पूर्ण करा, नाही तर राज्यांना दरमहा 10 लाख रुपये भरावे लागतील. धाक योग्य होता. पण बीडसाठी ती मुदत ऊसतोडीच्या ऐन हंगामात पडली. दिवाळीनंतर इथल्या लाखो माणसांचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. माळ, पाणवठे, रानभाज्या, औषधी मुळ्या यांची सर्वांत बारीक माहिती ज्या भूमिहीन आणि अल्पभूधारक घरांत आहे, तीच घरे तेव्हा गावात नव्हती. त्या महिन्यांत लिहिली गेलेली नोंदवही कितपत गावाची मानायची?

समर्थक म्हणतात, वही उघडली हेच मोठे, भर पुढे घालता येईल. टीकाकारांना वाटते की एकदा ‘पूर्ण’ असा शिक्का बसला की भर घालायला पैसा आणि माणूस मिळत नाही. 2023 च्या दुरुस्तीने, जी 1 एप्रिल 2024 पासून लागू झाली, या कायद्यातली तुरुंगाची शिक्षा जाऊन दंड आला आणि आयुष वैद्यांना काही सवलती मिळाल्या. उद्योगांना ती सुटसुटीत वाटते. गावाच्या हाती येऊ शकणारा लाभाचा वाटा आटेल, अशी लोकहक्कवाल्यांची भीती आहे. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अमेरिकेतून आलेले हे झाड बालाघाटाच्या खडकाळ उतारांवर इतके रुळले की धारूरची ओळख झाले. मानांकन फळाचे नाव जपते. ज्या उतारावर ते आपोआप उगवते तो उतार जपणे त्याच्या कक्षेत येत नाही.

वाळूबद्दल थोडक्यात. गोदावरी आणि सिंदफणेच्या पात्रांतला उपसा हा जिल्ह्याचा जुना रोग आहे. 2012 च्या दीपक कुमार निकालापासून छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागते, राज्याने 2023 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये वाळू धोरण बदलले. या सगळ्या चर्चेत वाळू म्हणजे महसूल, दर आणि चोरी. पात्रातले मासे, कासवे, काठावरची झाडी यांचा उल्लेख मंजुरीच्या अटींपुरता येतो.

अजून न सुटलेले

पहिला पेच मोजमापाचा आहे. किती गुन्हे नोंदले, किती समित्या झाल्या, किती हेक्टरवर लागवड झाली, हे आकडे वर्षअखेरीस तयार असतात. एखाद्या गावातल्या माळावर दहा वर्षांपूर्वी किती काळविटे होती आणि आज किती आहेत, हे सांगणारी मालिका नसेल तर कायदा चालला की हरला हे ठरवणार कशावर? डिसेंबर 2022 च्या कुनमिंग-मॉन्ट्रियल करारात 2030 पर्यंत 30 टक्के भूभाग संरक्षणाखाली आणण्याचे लक्ष्य भारतानेही स्वीकारले. त्यात अभयारण्याबाहेरच्या, समाजाने राखलेल्या जमिनीही धरता येतात. बीडची गायराने त्यात बसू शकतात. मेंढपाळाची चराई चालू ठेवून की बंद करून, हे मात्र कोणी सांगितलेले नाही, आणि अभ्यासकांतही मतभेद आहेत: मर्यादित चराईने गवताचे वैविध्य टिकते असे काहींचे निष्कर्ष आहेत, काही जण कुरणबंदीवर ठाम आहेत.

दुसरा पेच कोणाच्या अखत्यारीचा. माळ महसुलाचा, हरीण वनखात्याचे, समिती ग्रामपंचायतीची, पवनचक्की ऊर्जा विभागाची, वाळू खनिकर्माची. तक्रार न्यायाची असेल तर हरित न्यायाधिकरणासाठी पुणे, उच्च न्यायालयासाठी छत्रपती संभाजीनगर. संवर्धन राखीव क्षेत्राचा मार्ग यातला काही गुंता सोडवू शकतो, कारण तो सरकारी जमिनीवर स्थानिकांशी बोलून करायचा असतो. पण ज्या गायरानावर 1990 पूर्वीपासून कोणी कसत आहे, त्याचा हक्क आधी कागदावर आला नाही तर असे प्रत्येक क्षेत्र नव्या विस्थापनाची भीती घेऊन येईल. त्यामुळे माळ राखण्याचे काम जिल्ह्यात सुरू व्हायचे असेल तर ते बहुधा तहसील कार्यालयापासून व्हावे लागेल: गावनिहाय गायरानाची मोजणी, जुन्या कसणाऱ्यांच्या दाव्यांचा निकाल, आणि उरलेल्या क्षेत्रात कोणते गवत, कोणता प्राणी आहे याची नोंद. आणि ही नोंद उन्हाळ्यात, कोयते परत आल्यावर घ्यावी लागेल.